अभ्यासिकेचं छत, नागपूर: इन्सुलेशनच्या कामाच्या नोंदी

२ एप्रिल

पहिली पाहणी. तळमजला अधिक एक मजला, इमारत साधारण तीस वर्षांची. अभ्यासिका वरच्या मजल्यावर, म्हणजे थेट स्लॅबखाली. १२ बाय १४ मीटरचं दालन, १६८ चौरस मीटर. एकशेदहा टेबलं. एमपीएससी, पोलीस भरती, बँकेच्या परीक्षा. मुलंमुली पहाटेपासून रात्री दहापर्यंत बसतात. ट्रस्टचे सचिव काका म्हणाले, "मे महिन्यात निम्मी टेबलं रिकामी पडतात. पोरांनी फी भरलेली असते, तरी येत नाहीत. आणि परीक्षा तर पुढ्यात असतात." चार मोठे कुलर आहेत. पाचवा घ्यावा की छताचं काहीतरी करावं, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

तापमापकाची बंदूक घेऊन दिवसभर थांबलो. दुपारी अडीचला गच्चीवरचा काळवंडलेला कोबा ६३ अंश. त्याच वेळी खाली छताचा गिलावा ३८. संध्याकाळी साडेसहाला बाहेरची हवा ३६ वर उतरली होती, पण छत ४२ वर चढलं होतं. दुपारी खाल्लेलं ऊन स्लॅब संध्याकाळी ओकतो. चौकीदार काका म्हणाले, "साहेब, रात्री आत बसवत नाही जी. बाहेर वट्ट्यावर बरं वाटते." मी दिवसभर मोजून जे लिहिलं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

पाचव्या कुलरने हे सुटणार नाही. कुलरची हवा अंगाला गार लागते, पण डोक्यावर ४२ अंशांचा तवा असेल तर त्याची धग हवेला न विचारता सरळ डोक्यावर उतरते. काम छताचंच आहे.

वायव्य कोपऱ्यात गिलाव्यावर पिवळा ओघळ आणि फुगलेला रंग. तिथलं टेबल बाजूला सरकवलेलं. गळती किती वर्षांची, विचारलं. "पावसाळ्यातच गळते," एवढंच उत्तर. हा कोपरा वहीत लाल शाईने लिहून ठेवला.

५ एप्रिल

कोब्यात एका जागी छिद्र पाडून जाडी मोजली. स्लॅब १२५ मिलिमीटर, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा सरासरी पाच इंच. गणित मांडलं. काँक्रीटची उष्णतावाहकता (आकडा जितका मोठा, तितकी उष्णता सहज आरपार) साधारण १.५८, विटांच्या कोब्याची ०.८ च्या आसपास. म्हणजे पाच इंच कोबा असूनही उष्णतेला रोध जवळपास नाहीच. आतला-बाहेरचा हवेचा थर, गिलावा, सगळं धरून छताची यू-व्हॅल्यू २.२ निघाली. एका चौरस मीटरमधून, आतबाहेर एका अंशाचा फरक असताना, २.२ वॅट आत येतात. १६८ चौरस मीटर आणि गच्चीचं ६३ अंशांचं ऊन डोळ्यांसमोर आणलं की आकडा लहान वाटत नाही.

तुलनेसाठी: २०१८ च्या इको निवास संहितेत घरांच्या छताला १.२ ची कमाल मर्यादा आहे. व्यावसायिक इमारतींच्या २०१७ च्या ऊर्जा संहितेत ती बहुतेक इमारतींसाठी ०.३३ इतकी कडक आहे. ती १०० किलोवॉट जोडभाराच्या वरच्या इमारतींना लागू, आपल्याला नाही. तरी मोजपट्टी म्हणून दोन्ही आकडे समोर ठेवले.

जाडी म्हणजे थंडावा, हा समज मला लहानपणापासून माहीत आहे. बुलडाणा जिल्ह्यातलं आमचं आजोळ धाब्याचं. लाकडी सऱ्या, वर फळ्या, त्यावर हात-दीड हात पांढरी माती. दुपारी आत खरंच गार. पण ती करामत जाडीइतकीच कोरडेपणाचीही होती. दरवर्षी पावसाआधी आजोबा धाब्यावर नवी माती टाकून घ्यायचे, उतार सारखा करायचे, उंदरांची बिळं बुजवायचे. ती माती ओली राहिली असती तर घर गारही राहिलं नसतं आणि उभंही.

९ एप्रिल

चकाकत्या फॉइलवाला विक्रेता आला. दोन डबे, वर दिवा, एका डब्याला बुडबुड्यांचं फॉइल. त्याने बंदुकीने फॉइलच्या खालचा पृष्ठभाग मोजून दाखवला: २९ अंश. समिती खूश झाली.

इथे थांबून समजावून सांगावं लागलं, आणि ते सांगणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण ही बंदूक आता प्रत्येकाच्या हातात आहे. ती तापमान मोजत नाही, वस्तूकडून येणारे अवरक्त किरण मोजते. चकाकत्या धातूकडून स्वतःचे किरण फार थोडे निघतात. तो आरशासारखा समोरच्या गार भिंतीचे किरण परत पाठवतो. आकडा भिंतीचा असतो, फॉइलचा नाही. खिशातून काळी इन्सुलेशन टेप काढली, फॉइलवर दोन इंच चिकटवली, तीन-चार मिनिटं थांबून त्याच जागी मोजलं: ४१.

फॉइल वाईट नाही. पत्र्याच्या शेडखाली, खाली मोकळी हवा ठेवून लावलं तर पत्र्याची धग ते चांगली अडवतं. पण त्याचं काम चकाकीवर चालतं आणि चकाकीला समोर हवेची पोकळी लागते. काँक्रीट आणि कोबा यांच्या मध्ये दाबून टाकलं तर त्याची चकाकी कुणाकडे बघणार? विक्रेता तेच सुचवत होता: "कोब्याखाली टाकून द्या." नको म्हटलं.

१२ एप्रिल

समितीची दुसरी सूचना: फॉल्स सीलिंग करून वर ग्लासवूल. एका आठवड्यात होतं, गच्चीला हात लावावा लागत नाही, दिसायलाही छान. नुसते आकडे पाहिले तर काही चुकीचं नाही. ग्लासवूल, रॉकवूल, थर्माकोल यांची वाहकता ०.०३५ ते ०.०४० च्या घरात, एक्सपीएसची (थर्माकोलचाच भाऊ, पण एकसंध, दाट फेस) ०.०३०, पफची (पॉलियुरेथेनचा फेस) ०.०२४. दोन इंच कुठलंही टाका, यू-व्हॅल्यू धाडकन खाली येते. सगळ्या जाहिराती इथेच थांबतात.

माझे दोन आक्षेप. पहिला, खालून इन्सुलेशन केलं तर स्लॅब उन्हातच राहतो. काँक्रीट दर अंशाला मीटरमागे सुमारे ०.०१ मिलिमीटर पसरतं. १४ मीटरचा स्लॅब दिवसरात्रीत २५ अंश वरखाली झाला तर साडेतीन मिलिमीटर पुढेमागे सरकतो, रोज. गच्चीच्या कठड्याच्या, म्हणजे पॅरापेटच्या, मुळाशी दिसतात त्या आडव्या भेगा त्याच्याच, आणि पाणी तिथूनच शिरतं. इन्सुलेशन वर टाकलं तर स्लॅब सावलीत येतो आणि ही रोजची ओढाताण थांबते.

दुसरा आक्षेप म्हणजे तो वायव्य कोपरा. फॉल्स सीलिंगच्या वर गळायला लागलं तर ते पाणी आधी ग्लासवूल पिणार. महिना-दोन महिने कुणाला कळणार नाही. इन्सुलेशन म्हणजे खरं तर कोंडलेली हवा. तिची वाहकता ०.०२६, पाण्याची ०.६. हवेच्या जागी पाणी बसलं की ते इन्सुलेशन उरत नाही, ओली गादी उरते.

सचिव काका म्हणाले, "मग रॉकवूल घ्या, ते तर दगडाचं असतं म्हणे." खरं आहे, वितळवलेल्या बेसाल्टसारख्या दगडाचे धागे असतात ते, आणि जळत नाहीत हा त्यांचा फार मोठा गुण. जिथे इन्सुलेशन माणसांच्या बाजूला उघडं राहणार असेल तिथे मी डोळे मिटून तेच घेईन. पण ओलं होण्यात तेही ग्लासवूलच्याच पंगतीला.

१३ एप्रिल

आगीचा मुद्दा वेगळा लिहून ठेवतो, कारण काल फोनवर एका ठेकेदाराने स्लॅबला खालून पफ फवारून देण्याची तयारी दाखवली. सांधा नाही, जाडी कमी, दोन दिवसांत काम. लंडनचा ग्रेनफेल टॉवर १४ जून २०१७ ला पेटला, ७२ माणसं गेली. तिथे बाहेरचं आवरण पॉलिथिन भरलेल्या ॲल्युमिनियम पत्र्यांचं आणि त्यामागे फेसाचं इन्सुलेशन होतं. पफ, थर्माकोल, एक्सपीएस, तिन्ही पेट्रोलियमची लेकरं. तिन्ही जळतात आणि धूर विषारी सोडतात. एकशेदहा मुलांच्या डोक्यावर, एकच जिना असलेल्या मजल्यावर, उघडा फेस मी लावणार नाही. तोच फेस स्लॅबच्या वर, ४० मिलिमीटर काँक्रीटखाली गाडला तर त्याच्या आणि मुलांच्या मध्ये अख्खा स्लॅब असतो.

एका जिन्याचा विषय समितीकडे स्वतंत्र पत्राने दिला. इन्सुलेशनपेक्षा तो मोठा आहे.

१४ ते २२ एप्रिल

दोन चाचण्या एकदम लावल्या.

गच्चीवर अडीच मीटरचे तीन चौकोन आखले. एक होता तसा. दुसऱ्यावर चुन्याचे दोन हात. तिसऱ्यावर ५० मिलिमीटर एक्सपीएस आणि वर सुट्या पांढऱ्या टाइल्स. वाचन फक्त चौकोनाच्या मध्याखाली घ्यायचं, कडेला बाजूची उष्णता सरकून येते. २० तारखेला संध्याकाळी सहाला छताचे आकडे: साधा ४३, चुन्याखाली ३९.५, एक्सपीएसखाली ३६.

चुन्याने साडेतीन अंश उतरवले हे बघून सचिव काका म्हणाले, "मग चुनाच मारू की." ज्यांच्याकडे दुसरं काही करायला पैसे नाहीत त्यांनी आजच मारावा, मी आनंदाने सांगेन. थोड्याशा चुन्यात इतकं काम दुसरं कशानेच होत नाही. पण दर उन्हाळ्याला मारावा लागतो, धुळीने मळतो तसा गुण उतरतो, आणि या गच्चीची गळती तो थांबवणार नाही.

दुसरी चाचणी बादलीची. थर्माकोलचा आणि एक्सपीएसचा, ३० बाय ३० सेंटिमीटरचा दोन इंची एकेक तुकडा. सोनाराच्या काट्यावर वजन: थर्माकोल ७३ ग्रॅम, एक्सपीएस १५४. दोन्ही विटांखाली दाबून आठ दिवस बादलीत बुडवले. आज काढले, निथळून पुसले, तोलले. थर्माकोल १९०. एक्सपीएस १६५. थर्माकोल तोडून बघितला: दाणे तसेच कोरडे, पण दाण्यादाण्यांमधल्या फटीत पाणी. अंगठ्याने दाबलं की कडेने थेंब येतो. एक्सपीएसमध्ये दाणेच नाहीत. तो एकसंध फुगवून ओढलेला, बंद कप्प्यांचा. पाणी फक्त कापलेल्या कडांना धरलेलं.

काकांनी दोन्ही तुकडे हातात घेऊन बराच वेळ बघितले. समितीला वेगळं समजावावं लागलं नाही.

२३ एप्रिल

निर्णय. कोबा काढायचा. स्लॅबवर ढाळ, त्यावर वॉटरप्रूफिंगचा थर, त्यावर एक्सपीएस, त्यावर जाळीचं काँक्रीट आणि पांढरी चायना मोझॅक. उलटं छत म्हणतात याला. वॉटरप्रूफिंग इन्सुलेशनच्या खाली असतं, म्हणून त्यालाही ऊन लागत नाही आणि तेही टिकतं.

५० की ७५ मिलिमीटर, यावर रात्री बसलो. काहीच नसताना २.२. ५० ला ०.४८. ७५ ला ०.३४. पहिल्या दोन इंचांनी जवळपास चार पंचमांश उष्णता अडते, पुढचा एक इंच त्यात थोडीच भर घालतो. एसीची इमारत असती तर तो इंचही घेतला असता, विजेच्या बिलात फिटला असता. इथे ते पैसे पश्चिमेच्या खिडक्यांवरच्या छज्जांना द्यायचे. घनता घनमीटरला ३४ किलोची, कडांना एकमेकांत बसणारी खाच असलेली शीट.

वजनही तपासलं. निघणारा कोबा चौरस मीटरला २३० किलोच्या आसपास, नवे थर सगळे मिळून २२०. स्लॅबवर जादा भार नाही.

२८ एप्रिल

कोबा फोडायला सुरुवात. ब्रेकर मशीन नाही, हातोडा-छिन्नीच. जुना स्लॅब हादरवायचा नव्हता. वायव्य कोपऱ्यात कोब्याखाली हात घातला तर विटांचे तुकडे ओले. एप्रिल संपत आला, शेवटचा पाऊस होऊन महिने उलटले, आणि विटा ओल्या! रेनवॉटर पाइपच्या तोंडाशी सांधा उघडा होता आणि गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो रोज तिथेच पडत होता. "पावसाळ्यातच गळते" हे खरं नव्हतं. पावसाळ्यात ते फक्त खाली पोचत होतं. स्लॅबच्या सळ्या दोन जागी गंजलेल्या. साफ करून, गंजरोधक लावून, पॉलिमर मसाल्याने भरून घेतल्या. फॉल्स सीलिंग केलं असतं तर हा कोपरा आणखी दहा वर्षं झाकून गेला असता.

६ मे

ढाळ १०० ला १ धरून केला, वर टॉर्चने चिकटवायचं बिटुमेनचं मेंब्रेन, म्हणजे पाणी अडवणारा डांबरी पडदा. पॅरापेटवर एक फूट वर चढवलं. तिन्ही पाइपांची तोंडं बंद करून पाणी तुंबवलं, ७२ तास. खाली छतावर खडूने चौकटी आखून दर सहा तासांनी बघितलं. कोरडं.

९ मे

आज माझी चूक झाली. पॅरापेटच्या एका भागावर मेंब्रेन सुटलं होतं, ते परत चिकटवायला मिस्त्रींनी काल संध्याकाळी प्राइमर मारला. तोपर्यंत खालच्या दोन ओळी एक्सपीएस अंथरून झाल्या होत्या. प्राइमर द्रावकातला होता. सकाळी येऊन बघतो तर भिंतीलगतच्या शीटची कड तीन बोटं आत विरघळलेली, साखरेच्या पाकात बुडवून काढल्यासारखी. द्रावक पॉलिस्टायरीनला खातो हे मला माहीत होतं, पण कामाच्या कागदावर मी लिहिलं नव्हतं. मिस्त्रींना कसं कळणार? अकरा शीट बदलल्या. प्राइमर पाण्यातला आणवला. आणि गच्चीच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: शीट अंथरल्यावर थिनर, पेट्रोल, द्रावकाचा प्राइमर गच्चीवर आणू नये.

आणखी एक, जे मी पुढे प्रत्येक कामात लिहीन. विजेच्या वायरीचं पीव्हीसी आवरण थर्माकोल किंवा एक्सपीएसला चिकटून राहिलं तर त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ शीटमध्ये उतरतो आणि आवरण काही वर्षांत कडक होऊन तडकतं. टाकीच्या मोटरची वायर शीटखालून जाणार होती. पॅरापेटवरून पाइपातून नेली.

१५ मे

शीटवर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कापड), वर चिकन मेश आणि ४० मिलिमीटर बारीक खडीचं काँक्रीट, अडीच मीटरच्या चौकोनांत, मध्ये खाचा सोडून. काम पहाटे साडेपाच ते दहा. त्यानंतर शीटवर हात ठेवता येत नाही, आणि ती उघडी तापली की कोपरे वर उचलतात. ७५ अंशांपुढे एक्सपीएसचा भरवसा नाही. एकाही दिवशी उघडी शीट उन्हात ठेवली नाही. जेवढी अंथरली तेवढी त्याच सकाळी झाकली. गोणपाट भिजवत ठेवण्यासाठी दोन माणसं वेगळी.

२४ मे

मोझॅक पूर्ण. उद्यापासून नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. दुपारी गच्चीवर ४४, मोझॅकचा पृष्ठभाग ४७. संध्याकाळी साडेसहाला छत ३५.

पण सकाळी सहाला दालन ३३ अंश, आणि बाहेर ३०. हे मला अपेक्षित नव्हतं. रात्रभर छत थंड व्हायला हवं होतं.

२६ मे

कारण सापडलं. रात्री दहाला दालन बंद होतं, चौकीदार काका सगळ्या खिडक्या लावतात, माकडं आत येतात म्हणून. पूर्वी स्लॅब रात्री वरच्या बाजूनेही आकाशाकडे थोडी उष्णता टाकत होता. आता वर पांघरूण आहे. दिवसभराची माणसांची, दिव्यांची, भिंतींची उष्णता बाहेर जायला खिडकीशिवाय वाट नाही. पांघरूण दोन्ही बाजूंनी काम करतं, हे मी समितीला आधीच सांगायला हवं होतं.

आज समोरासमोरच्या सहा खिडक्यांना जाळी बसवली. रात्री दहा ते पहाटे सहा उघड्या, आणि दक्षिणेचा एक्झॉस्ट चालू.

३० मे

सकाळी सहाला दालन ३०.५, छत ३१. दुपारी तीनला चारपैकी दोनच कुलर चालू, तरी आत ३३. स्लॅब आता रात्रीचा गारवा धरून ठेवतो आणि दुपारी परत देतो, जे तो तीस वर्षं उन्हाच्या बाबतीत करत आला होता. एकशेदहापैकी ९८ टेबलांवर माणसं. हा आकडा मी दारात उभा राहून मोजला.

१९ जून

पहिला जोरदार पाऊस येऊन दोन दिवस झाले. वायव्य कोपऱ्यात गच्चीवर एक जागा मुद्दाम सुटी ठेवली आहे, ३० बाय ३० सेंटिमीटर: वर उचलता येणारी फरशी, खाली सुटा एक्सपीएसचा तुकडा. तो बसवताना वजन १५४ ग्रॅम लिहून ठेवलं होतं. आज फरशी उचलली, तुकडा काढला, पुसला, तोलला: १५७. खालचं मेंब्रेन ओलसर, स्लॅबच्या खालचा गिलावा कोरडा. तुकडा परत बसवला. पुढचं वजन सप्टेंबरच्या शेवटी. तारीख चौकीदार काकांच्या वहीतही लिहून दिली आहे.

खाली त्या कोपऱ्यातलं टेबल परत जागेवर आलं आहे. पश्चिमेच्या छज्जांचं माप उद्या.